सव्वादहाची लाली

शेडताईचा चेहरा लाल होता. उगाच थोडाफार नव्हे, चांगला लाल. नाक, दोन्ही गाल आणि हनुवटीचं टोक ही चार ठाणी त्या लालीने कायमची काबीज केली होती, आणि कपाळावरही तिचं अधूनमधून येणं-जाणं असे. ताईचं वय त्रेचाळीस आणि रंगाच्या दुकानातली नोकरी एकवीस वर्षांची. जिने एकवीस वर्षं जगाच्या भिंतींचे रंग जुळवले तिला स्वतःच्या तोंडाचा रंग काही जुळेना. दैवाला थट्टा करायची लहर आली की ते जागा अशी नेमकी हेरतं.

तिचं खरं नाव दुकानात कोणी घेत नसे. लोक यायचे ते "शेडताई आहेत का?" असं विचारतच. कारण काम तसं होतं. गिऱ्हाईक कपबशीचा तुकडा घेऊन येई, कोणी शर्टाचं बटण, कोणी जुन्या पडद्याची चिंधी. एकदा एक गृहस्थ केळं घेऊन आले आणि म्हणाले, "अस्साच पिवळा हवा. पण हे उद्या होईल तसा नको, आजचा." ताईने केळं उजेडात धरलं, पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब रंग सोडला, पुठ्ठ्यावर बोट ओढलं, केस वाळवायच्या यंत्राने तो पट्टा वाळवला आणि दारात जाऊन केळ्याशेजारी धरला. दोन्हीत फरक सांगायचा तर सालच सोलावी लागली असती. ओल्या रंगावर तिचा विश्वास नव्हता. वाळल्याशिवाय तो खरं बोलत नाही, असं ती म्हणे. मालकांनी मोठ्या हौसेने रंग ओळखणारं एक यंत्र आणलं होतं, पण ताईपुढे त्याचं काही चालेना. हल्ली त्याच्यावर मालकांची टोपी असायची.

तर अशा बाईला दिवसातून दहा वेळा ऐकावं लागे, "रागावलात का?" "ताप आहे का?" "धावत आलात वाटतं?" एका सज्जनाने तर काउंटरवर वाकून, इकडेतिकडे बघून विचारलं होतं, "ताई, सकाळी सकाळी घेता का हो?" त्या गृहस्थांना त्या दिवशी फिकट आकाशी हवा होता. ताईने तो दिला, पण देताना डबा असा आदळला की ते पुन्हा कधी वाकले नाहीत.

उपायांचं म्हणाल तर तिने काही बाकी ठेवलं नव्हतं. लिंबू चोळलं, टूथपेस्ट फासली, डोक्यावर पंचा घेऊन वाफ घेतली, खरखरीत ब्रशने गाल असे घासले की खाली विटा लागतील. भिंत तयार करायची हीच रीत ना? आधी घासकाम, मग भरण, मग रंग. प्रत्येक उपायानंतर लाली आणखी दोन बोटं पुढे सरके. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, त्यातलीच गत. शेवटी ताईने नाद सोडला होता.

आणि तेवढ्यात रंगारी आला.

दुकानामागच्या रस्त्यावर मोठी शाळा आहे. ती आतून-बाहेरून रंगवायचं तीन महिन्यांचं काम त्याने घेतलं होतं. पंचेचाळीस-सेहेचाळीसचा, उंच, कमी बोलणारा. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. त्याच्या भुवयांवर रंगाचे ठिपके असत, आणि ते बघून आज कुठला मजला चालू आहे हे ताईला न विचारता कळे. रोज बरोबर सव्वादहाला तो यायचा आणि एक लिटरचा डबा घेऊन जायचा.

आता यात प्रेमात पडण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. थांबा, सांगतो. दुसऱ्या आठवड्यात तो नेलेला डबा परत घेऊन आला. झाकण उघडून म्हणाला, "मॅडम, यात काळ्याचा एक थेंब जास्त पडलाय." मालकांनी चष्मा वर केला. शेडताईची चूक? ताईने फणकाऱ्याने पट्टा ओढला, वाळवला, दारात नेला आणि बघत राहिली. एक थेंब जास्त होता. एकवीस वर्षांत तिचा थेंब कोणाला पकडता आला नव्हता. गिऱ्हाइकांना दोन काळे आणि अर्धा हिरवा जास्त पडला तरी पत्ता लागत नसे. आणि इथे एक माणूस असा निघाला की जो तिच्याइतकंच बघत होता. ताई परत आत आली ती सरळ चालत आली, पण आत कुठेतरी तिचे तीन तेरा वाजले होते.

त्या दिवसापासून सव्वादहा वाजत आले की तिचे कान तापत, गाल भणभणत आणि हातातला चमचा बरणीत जायच्याऐवजी मालकांच्या चहात जाई. पण एक बरं होतं. चेहरा मुळातच लाल. आगीचा बंब लाजला तर कळणार कोणाला? ताई रोज मनसोक्त लाजून घेई, आणि जगाला त्याचा सुगावा नव्हता.

हे सुख असंच चालायचं, पण रंगाऱ्यानेच त्यात माती कालवली. एके सकाळी डबा उचलताना तो थबकला आणि खाली बघत म्हणाला, "मॅडम, माझं काही चुकतं का? तुम्ही रोज माझ्यावर इतक्या संतापलेल्या दिसता."

ताईला हसावं की रडावं कळेना. घरी जाऊन तिने दोन्ही केलं. आणि मग तिने ठरवलं की ही लाली घालवायचीच. रंगवाल्या बाईने घ्यावा तो निर्णय तिने घेतला. धंद्यातला पहिला धडा असा की रंगात लाल जास्त झाला तर त्यात हिरवा घालायचा. लाल मारायला हिरव्यासारखा दुसरा नाही. हे आजवर आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने कोल्ड क्रीमच्या डबीत खाण्याच्या हिरव्या रंगाचे सात थेंब मोजून घातले, घोटून घोटून मिश्रण केलं आणि सकाळी तोंडभर लावून दुकानात गेली.

शास्त्र बरोबर होतं हो. लाल मेला. पण लाल आणि हिरवा एकमेकांना मारतात तेव्हा मागे काय उरतं, हे एकवीस वर्षं बरण्या ढवळणारी बाई विसरली होती. मागे उरतो सिमेंटचा रंग. मालक तिच्याकडे बघून म्हणाले, "प्लास्टर अजून ओलं दिसतंय." आणि सव्वादहाला रंगाऱ्याने तिला बघितलं मात्र, हातातला ब्रश खाली ठेवून तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "मॅडम, बसा तुम्ही. आधी बसा. डॉक्टरकडे न्यायला गाडी बघतो." ताई शंभर मरणं मेली. दुपारपर्यंत त्या थराखाली आग उसळली आणि संध्याकाळी तिने तोंड धुतलं तेव्हा गालांवर बारीक पुटकुळ्यांची जत्रा भरली होती.

धाकटी बहीण तिच्यासोबतच राहायची. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांना "रांगेत या" म्हणणारी ही बाई घरातही त्याच आवाजात बोले. तिने ताईकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "उद्या नऊ वाजता. त्वचेच्या डॉक्टर. पहिला नंबर तुझा. आणि ती डबी इकडे दे."

डॉक्टर तिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी भिंग लावून गाल बघितले, हिरव्या रंगाची हकिगत ऐकली, आणि मान फिरवून बराच वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "याला रोझेशिया म्हणतात. संसर्ग नाही, अस्वच्छता नाही, तुमचा दोषही नाही. मुळासकट जाईल असं खोटं मी सांगणार नाही, पण छान ताब्यात राहतो. फक्त तुम्ही त्याच्याशी भांडणं बंद करा."

"म्हणजे लावायचं काय?" ताईने वही काढली.

"काय लावायचं त्याच्याआधी काय नाही लावायचं ते लिहा. लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, वाफ नाही, ब्रश तर नाहीच नाही. कोमट पाणी, साधं सौम्य फेसवॉश, बोटांच्या टोकांनी हलकेच लावायचं. पुसताना घासायचं नाही, टिपायचं. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. रात्री मी देते ते जेल. एका वेळी एकच नवी वस्तू, आणि तीही आधी कानामागे लावून दोन-तीन दिवस बघायची."

"नमुन्याचा पट्टा," ताई म्हणाली. "वाळल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही."

"अगदी तसंच! आणि बाहेर पडताना हे सनस्क्रीन."

ताईने नळीवरचे घटक वाचले आणि खुर्चीतून उठलीच. "अहो, झिंक ऑक्साइड! टायटॅनियम डायॉक्साइड! हा तर आमचा पांढरा बेस!"

"मग तर तुम्हाला हात बसलेलाच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि लाली कशाने भडकते त्याची रोज नोंद ठेवा. ऊन, गरम चहा, तिखट, मनाची घालमेल, काहीही. आठ आठवड्यांनी वही घेऊन या."

ताईने हे व्रत डोळ्यांत तेल घालून पाळलं. नाही, डोळ्यांतही काही घातलं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती आता काही कुठे घालत नसे. ज्या हातांनी ती वीस-वीस लिटरचे डबे फिरवायची त्याच हातांनी ती सकाळी गालाला असं शिवे की जणू झोपलेल्या तान्ह्याला उचलायचंय. पहिले तीन आठवडे काही फरक पडला नाही, तेव्हा तिने धाकटीशी भांडण काढलं. चौथ्या आठवड्यात आग थांबली. वाळवायचं यंत्र आता ती हात लांब करून धरी. चहा निववून पिई. मालकांना या सगळ्याचा इतका उत्साह चढला की त्यांनी जाड अक्षरांत पाटी रंगवून काउंटरमागे टांगली: "शेडताईंना गरम चहा देऊ नये. उन्हात उभे करू नये. त्यांनी तोंड घासताना आढळल्यास मालकांना कळवावे." येणारंजाणारं गिऱ्हाईक ती पाटी मोठ्याने वाचे. रंगारी मनात वाचे, रोज, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

आणि वही! तशी वही त्या डॉक्टरांनी जन्मात पाहिली नसेल. रोज तीन वेळा आरशात बघून ताईने चेहऱ्याचा शेड शेडकार्डावरून जुळवून लिहिला होता. "सकाळी सात, गुलबट, अर्धा थेंब विटकरी. दुपारी एक, तेच. भाजीत मिरची जास्त, विटकरी दोन थेंब." आठ आठवड्यांनंतर डॉक्टरांनी पानं चाळली आणि त्यांचे डोळे चमकले. विटकरीवरून गडी फिकट गुलबटापर्यंत उतरला होता. "कमाल केलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण हे काय? रोज एक नोंद जास्तीची आहे. सव्वादहा, गडद लाल. सव्वादहा, गडद लाल. रविवार सोडून रोज! सव्वादहाला दुकानात ऊन येतं का?"

"नाही."

"चहा?"

"तो अकराला."

"मग काही फवारता? थिनर वगैरे?"

ताईची त त प प सुरू झाली. शेजारी धाकटी बसली होती, ती हळूहळू तिच्याकडे वळली. "ताई, सव्वादहाला काय येतं गं दुकानात?"

"रंगारी," ताई म्हणाली, आणि तिथल्या तिथे, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, भिंगाचीही गरज न पडता, गडद लाल झाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "यावर माझ्याकडे जेल नाही," त्या म्हणाल्या. नोंदणीच्या खिडकीवरची बाई त्या दिवशी इतकी हसली की बाहेरची रांग आत डोकावली.

घरी येताना धाकटीने फिर्याद मांडली. "शाळेच्या कामाला कोणी एकेक लिटर नेतं का गं? वीस लिटरचे डबे एकदम नेतात. हा रोज येतो. ताकाला जाऊन भांडं लपवतोय, दुसरं काय?"

"त्याच्याकडे ठेवायला जागा नसेल."

"अख्खी शाळा आहे त्याच्याकडे! बरं, ते सोड. सगळं गाव तुला ताई म्हणतं. मालक तुझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तेही ताई म्हणतात. याने एकदा तरी ताई म्हटलंय?"

ताई रस्त्यात थांबली. तिने दहा आठवडे आठवून बघितले. मॅडम म्हणायचा, अहो म्हणायचा, घसा खाकरायचा. ताई एकदाही म्हणाला नव्हता. ती चालायला लागली तेव्हा तिची पावलं जमिनीला नीट लागत नव्हती.

पण खरी अडचण आता होती. चेहरा निवला आणि झाकण गेलं. आता सव्वादहाची लाली ताज्या पांढऱ्या भिंतीवरच्या डागासारखी दिसे. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, रंगाऱ्याने डबा उचलताना सांगितलं, "शनिवारी शेवटचा लिटर. मग परगावी दवाखान्याचं काम आहे. दोन महिने, कदाचित जास्तच." बोलला आणि उभाच राहिला. ताई म्हणाली, "बरं." बास. एकवीस वर्षं जिने थेंबाथेंबाचा हिशेब अचूक केला, तिला त्या वेळी एवढाच एक शब्द सापडला.

शुक्रवारी संध्याकाळी तिने ओट्यावरचं लिंबू हातात घेतलं. एकदा कचकचून चोळलं की उद्या चेहरा पुन्हा सगळीकडे सारखा लाल. त्याला काही दिसणार नाही, तो डबा घेऊन जाईल, प्रकरण मिटेल. तिला भीती वाटत होती. या वयात कोणापुढे मन उघडं करायचं आणि त्याने नुसतं "अच्छा" म्हणायचं, याची भीती. पण तो काही न कळताच निघून गेला तर रोज सव्वादहा वाजतील आणि दारात कोणी नसेल, याची भीती त्याहून मोठी होती. मग धाकटी आली, तिने लिंबू काढून घेतलं, कापलं आणि सरबत करून दोन पेले भरले. "पी," ती म्हणाली, "आणि उद्या बोल. नाहीतर मी येऊन बोलेन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे."

शनिवारी सव्वादहाला तो आला. शाळेच्या शेवटच्या खोलीला फिकट पिवळा हवा होता. ताईने रंग सोडला, झाकण बसवलं, डबा हलवायच्या यंत्रात अडकवून कळ दाबली. यंत्र धडधडायला लागलं. रंगारी तिच्याकडे बघत होता. त्याने पाटीकडे बघितलं आणि पुन्हा तिच्याकडे.

"आज ऊन लागलं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"चहा गरम होता?"

"अजून प्यायलेच नाही."

"मग चेहरा असा... इतका छान निवला होता हो."

ताईने काउंटर दोन्ही हातांनी धरला. "तुम्ही आलात म्हणून," ती म्हणाली.

"अं?" यंत्राचा आवाज मोठा होता.

"तुम्ही आलात म्हणून!" ताई ओरडली. "रोज होतं! सव्वादहाला! वहीत लिहिलंय! मी रागावत नाही तुमच्यावर, मला तुम्ही आवडता!"

आणि झाकण उडालं. घाईत तिने ते एकाच बाजूने दाबलं होतं. एकवीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. अख्खा लिटर कारंज्यासारखा वर गेला आणि छत, पाटी, टोपी, मालक आणि ते दोघं, सगळ्यांवर सारखा पडला. मालकांनी आंधळ्यासारखं चाचपत कळ बंद केली. दुकानात फक्त ठिपकण्याचा आवाज उरला.

ताई डोळे मिटून उभी होती. रंगाऱ्याने खांद्यावरचं रंगकामाचं कडक फडकं ओढलं, तिच्या तोंडाशी नेलं, आणि हात हवेतच थांबला. "नाही," तो स्वतःशीच म्हणाला, "घासायचं नाही." त्याने फडकं दूर भिरकावलं आणि मालकांकडे वळला. "कोमट पाणी! गरम नको, गारही नको!"

मालक उभ्या आयुष्यात दुकानात स्वतः पाणी आणायला गेले नव्हते, पण त्या दिवशी ते पिवळे होऊन धावले. रंगाऱ्याने शेल्फावरचं पॉलिशचं नवंकोरं मलमली कापड फाडलं, पाणी मनगटावर घालून बघितलं, आणि भिंतींना वर्षानुवर्षं खरडणारा तो हात इतका हलका झाला की कपडा लागतोय की नाही हे ताईला कळेना. आधी डोळे, मग कपाळ, मग गाल. घासणं कुठेच नव्हतं, नुसतं टिपणं.

"झोंबतंय?"

"नाही."

"मी तिकडच्या लोकांना शब्द दिलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन महिने जावं लागेल."

"मग जा. काम करून या."

पिवळ्याखालून लाल वर येत होता. त्याने तो बघितला. "आणि तोवर हे राहील?"

ताईने डोळे उघडले. "चेहऱ्याचं सांगता येत नाही," ती म्हणाली. "तो कधी निवतो, कधी भडकतो, त्याला रोज जपावं लागतं. बाकीचं राहील."

"मग मी दर रविवारी येईन," तो म्हणाला. "रंग न्यायला नाही."

तिच्या कानामागे थोडा पिवळा राहिला होता. तो त्याने सगळ्यांत शेवटी, सावकाश टिपला.